यकृतकृमी: गोठा, मळा आणि आपलं ताट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी गुरांचा डॉक्टर. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांतून फिरताना गोठ्यात, मळ्याच्या मेरेवर, कधी मटणाच्या दुकानासमोरसुद्धा लोक या किड्याबद्दल विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माणसाच्या आजाराबद्दल जे लिहिलं आहे ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून. तपासणी आणि औषध त्यांनीच ठरवायचं.

यकृतकृमी म्हणजे नक्की काय? पोटातले जंत ते हेच का?

नाही. पोटातले नेहमीचे जंत गोल, दोऱ्यासारखे असतात आणि आतड्यात राहतात. हा चपटा, पानाच्या आकाराचा असतो, म्हणून याला पर्णकृमी असंही म्हणतात. लिव्हर फ्लूक तो हाच. राहतो यकृतातल्या पित्तनलिकांमध्ये. याच्या दोन जाती महत्त्वाच्या. फॅसिओला हेपॅटिका ही थंड प्रदेशातली, साधारण 3 सेंटिमीटरपर्यंत वाढणारी. आपल्या उष्ण, दमट भागात आढळते ती फॅसिओला जायगँटिका, आणि ती 7 सेंटिमीटरच्याही पुढे जाते.

मी हा किडा पहिल्यांदा नीट पाहिला तो एका मेलेल्या बैलाच्या पोटात. यकृतावर सुरी चालवली तर कर्र कर्र आवाज आला, वाळूत सुरी फिरवावी तसा. पित्तनलिका आतून चुन्यासारख्या कडक झाल्या होत्या. एक नळी बोटांनी दाबली, तर तपकिरी पित्ताबरोबर बांबूच्या कोवळ्या पानासारखा एक चपटा जीव बाहेर घरंगळला आणि पाटीवर हळूच आकसला, मग पुन्हा पसरला. बैलाचा मालक बाजूलाच उभा होता. त्याने विचारलं, "डॉक्टरांनु, ह्यो आमच्या पोटात गेलो तर?" खालचे बरेच प्रश्न त्या एका प्रश्नातूनच निघाले आहेत.

आजारी गुराकडून माणसाला हा थेट लागतो का?

थेट लागत नाही. गाईला हात लावून, धार काढून, शेण भरून, गोठ्यात झोपून यकृतकृमी होत नाही. एका माणसाकडून दुसऱ्या माणसालाही होत नाही. असं का, ते कळण्यासाठी या किड्याचा प्रवास समजून घ्यायला हवा. तो समजला की पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच देता येतील.

पित्तनलिकेतला मोठा किडा रोज हजारोंनी अंडी घालतो. ती पित्ताबरोबर आतड्यात उतरतात आणि शेणातून बाहेर पडतात. शेण कोरड्या कातळावर पडून उन्हात वाळलं तर अंडी तिथेच संपतात. व्हाळात (ओढ्यात), तळीत, पाणी भरलेल्या कुणग्यात (भाताच्या खाचरात) पडलं तर आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत अंड्यातून डोळ्यांना न दिसणारी अळी बाहेर येते. तिच्या हातात जेमतेम एक दिवस असतो. तेवढ्यात ठरावीक जातीची गोगलगाय सापडली तर ती तिच्या अंगात शिरते, नाही तर मरते. गोगलगाईच्या आत एकीच्या शेकडो होतात. दीड-दोन महिन्यांनी शेपटीवाल्या अळ्या पाण्यात उतरतात, पोहत पोहत गवताला, भाताच्या देठाला, पाणभाजीला चिकटतात, शेपूट टाकतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. ते कवच म्हणजे टाचणीच्या डोक्याहूनही बारीक ठिपका. ओल असेल तर तो काही महिने जिवंत राहतो.

ती पात गाईने खाल्ली की कवच आतड्यात विरघळतं, अळी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत येते, तिथून यकृतात घुसते आणि आठवडेच्या आठवडे यकृत पोखरत पित्तनलिकेपर्यंत पोचते. तीन-चार महिन्यांत तिथे अंडी घालायला लागते. माणसाने ती पात खाल्ली तरी जवळजवळ हेच घडतं.

म्हणजे गाय आपल्याला हा रोग देत नाही. गाय आणि आपण एकाच पाण्याच्या काठाचं हिरवं खातो, म्हणून तो दोघांना होतो. पण त्या पाण्यात अंडी येतात ती मुख्यतः गुरांच्याच शेणातून. म्हणून गुरांना वेळेवर औषध देणं हे घरातल्या माणसांसाठीही आहे, हे मी पुन्हा पुन्हा सांगत असतो.

ती गोगलगाय कोणती? आमच्या परसवात पावसात येतात त्याच का?

परसवातल्या, भिंतीवर चढणाऱ्या, रोपं खाणाऱ्या मोठ्या गोगलगायी या नव्हेत. ही पाण्यातली, लिम्निया गटातली. शंख एक-दोन सेंटिमीटरचा, पातळ, मधाच्या रंगाचा, दाबला तर फुटणारा. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड उजव्या बाजूला उघडतं. तोंडाला झाकण नसतं. भाताच्या शेतात झाकण असलेले मोठे शंख सापडतात, ते वेगळे. चकलीसारखा चपटा वेटोळा शंख असतो तोही वेगळा, त्याच्याबद्दल खाली लिहिलं आहे. संथ पाण्यात बुडालेल्या पानांची खालची बाजू उलटून बघा, ही तिथे चिकटलेली दिसते. जोराच्या धारेत ती टिकत नाही.

आपल्याकडे गुरांना हे एवढं का होतं?

पाणी, भात आणि मोकळी गुरं एकत्र आली म्हणून. पावसाळाभर मळ्यांत पाणी उभं असतं. भात उभा असतो तोवर गुरं सड्यावर, डोंगरात चरतात. दिवाळीच्या आसपास कापणी झाली की गुरं मळ्यात सोडली जातात. नेमकं तेव्हाच पाणी ओसरत असतं, गोगलगायी डबक्यांच्या काठाशी गोळा झालेल्या असतात आणि हिरवं लुसलुशीत गवत फक्त त्या ओल्या काठालाच उरलेलं असतं. जनावर तिथेच तोंड घालणार. मग पौष-माघात गाय सुकायला लागते आणि मालक म्हणतो, "आता तर चारा भरपूर आहे, मग ही वाळतेय कशी?" तिने तो किडा दोन-तीन महिन्यांपूर्वीच खाल्लेला असतो.

जिथे वायंगण शेती होते, म्हणजे उन्हाळ्यातही पाटाच्या पाण्यावर भात घेतात, तिथे गोगलगाईला वर्षभर घर मिळतं. अशा गावांनी जास्त लक्ष द्यावं.

मग माणसांतही कोकणात खूप असेल?

नाही, आणि ते स्पष्टच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात 70 हून अधिक देशांत मिळून किमान 24 लाख लोकांना हा संसर्ग आहे. सगळ्यात जास्त बोलिव्हिया आणि पेरूच्या पठारांवर. इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यात, इराणच्या गिलान प्रांतात, व्हिएतनाममध्येही आहे. गिलानमध्ये 1989 साली आलेल्या साथीत दहा हजारांहून जास्त लोक आजारी पडले होते. तिथे पाणथळ जागेतला हिरवा पाला कच्चा खाण्याची जुनी सवय आहे. भारतात गुरांमध्ये हा रोग भरपूर आहे, पण माणसातली नोंदलेली उदाहरणं मोजकीच आहेत.

याचं मोठं श्रेय मी आपल्या स्वयंपाकघराला देतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, अळू, काहीही असो, आपण ते चिरून, धुऊन, चुलीवर शिजवूनच खातो. अळवाला तर चिंच घालून रटरटवतोच. त्या उकळीत हा ठिपका जगत नाही. पण हल्ली कच्च्या पाल्याचे रस, सॅलड, "रानातली ताजी पानं थेट तोंडात" असं बरंच दाखवलं जातं. पाहुण्यांना व्हाळाच्या काठची पानं कच्ची चाखवणारी घरगुती पर्यटनाची ठिकाणंही मी पाहिली आहेत. पिढ्यान् पिढ्या चुलीने केलेली राखण तिथे एका घासात मोडते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नेमकं काय टाळायचं?

पाण्यात किंवा पाण्याच्या काठाला वाढलेलं, जिथे गुरं पाण्यावर येतात तिथलं कोणतंही हिरवं कच्चं खाऊ नका. आपल्याकडे यात मुख्यतः ब्राह्मी येते. ती ओल्या काठालाच वाढते आणि बुद्धीला चांगली म्हणून मुलांना सकाळी कच्ची चावायला दिली जाते, नाही तर तिची कच्ची चटणी होते. ब्राह्मी हवीच असेल तर दारात कुंडीत लावा आणि विहिरीचं पाणी घाला. गुरांचा आणि गोगलगायींचा संबंध आला नाही की प्रश्नच मिटला. पाण्यात पसरणारी नाळीची भाजी शिजवूनच खा. शिंगाडे दातांनी सोलू नका. उकडून घ्या, नाही तर सुरीने सोला.

दुसरी गोष्ट गुराख्यांची आणि मुलांची. मेरेवर बसून गवताची काडी नाही तर भाताचं देठ उपटून चघळायची सवय सगळ्यांनाच असते. मीही लहानपणी केलं आहे. ठिपके बसतात ते देठाच्या खालच्या, पाण्यात बुडालेल्या भागावर, आणि उपटून तोंडात जातो तो नेमका तोच पांढरा गोडसर भाग. मुलांना हे एकदा देठ हातात धरून दाखवा. नुसतं "चघळू नको" म्हटलेलं ती ऐकत नाहीत.

तिसरी गोष्ट धुण्याची. हिवाळ्यात मळ्यात मुळा, लाल माठ, कोथिंबीर लावतात आणि बाजाराला नेण्याआधी जुड्या व्हाळात बुचकळून धुतात. माती जाते, पण पाण्यात तरंगणारे काही ठिपके पानांवर येऊ शकतात. भाजी विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने धुवा. शिजवायची असेल तर चिंता नाही. कच्ची खायची असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली एकेक पान चोळून धुवा. पण व्हाळाकाठच्या पाल्याला नुसतं धुणंही पुरत नाही, कारण ते कवच घट्ट चिकटलेलं असतं. मीठ, लिंबू, व्हिनेगर यांवरही विसंबू नका.

व्हाळाचं किंवा तळीचं पाणी प्यायचं असेल तर उकळून.

कलेजी खाल्ल्याने होतो का?

शिजलेली कलेजी खाल्ल्याने नाही. यकृतात असतो तो वाढलेला किडा, आणि माणसाला संसर्ग होतो तो पाल्यावरच्या कवचातल्या अळीपासून. तरीही कलेजी कापताना नळ्या जाड, पांढरट दिसल्या किंवा आत चपटे किडे दिसले तर ती घेऊ नका आणि कुत्र्यालाही टाकू नका. खोल पुरा. दुकानदाराला सांगा आणि बकरा कुठल्या वाडीतला ते विचारून घ्या, कारण त्या वाडीतल्या बाकीच्या कळपालाही औषध लागणार आहे.

किडे असलेली कलेजी खाण्यात आली, तर त्यातली अंडी पचनमार्गातून तशीच बाहेर पडतात आणि शौचाच्या तपासणीत दिसतात. माणूस आजारी नसतो, पण रिपोर्ट मात्र घाबरवतो. अशा वेळी काही दिवस कलेजी बंद करून पुन्हा तपासायचं.

आणि मासे? इंटरनेटवर लिव्हर फ्लूकमुळे कॅन्सर होतो असं वाचलं.

तो किडा वेगळा. थायलंड, चीन, कोरियाकडे ओपिस्थॉर्किस आणि क्लोनॉर्किस नावाचे यकृतकृमी आहेत. ते गोड्या पाण्यातले मासे कच्चे खाल्ल्याने होतात आणि त्यांचा पित्तनलिकेच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. गुरांच्या फॅसिओलाचा कर्करोगाशी असा संबंध सिद्ध झालेला नाही आणि तो माशातून येत नाही. बांगडा, पेडवे, सुरमई बिनधास्त खा. पहिल्या पावसात पकडलेले चढणीचे मासेही तिखट-कोकमात नीट शिजवून खा.

दुधातून?

नाही. दूध तापवूनच प्या, पण ते ब्रुसेला जंतूसारख्या दुसऱ्या कारणांसाठी.

माणसाला झाला तर काय होतं?

दोन टप्पे असतात. किडा यकृत पोखरत असतो त्या पहिल्या काही महिन्यांत ताप येतो-जातो, उजव्या बरगडीखाली दुखतं, मळमळतं, वजन उतरतं, अंगावर पित्त उठतं, कधी कोरडा खोकलाही येतो. तो पित्तनलिकेत स्थिरावला की बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही, आणि किडा दहा वर्षंसुद्धा आत राहू शकतो. काहींना मात्र पित्ताशयात खडे असल्यासारखी कळ येते, नळी तुंबून कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते.

इथे दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. पावसाळ्यात ताप आणि कावीळ एकत्र आली तर आधी लेप्टोस्पायरोसिस मनात आणा. तो उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून, चिखलातून, जखमेवाटे येतो, आपल्याकडे तो यकृतकृमीपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि थोड्या दिवसांत जीव घेऊ शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुसरी गोष्ट अशी की कावीळ दिसली म्हणून माळ घालून किंवा नाकात औषध पिळून घेऊन आठवडा घालवू नका. नळी तुंबल्याने झालेली कावीळ अशाने उतरत नाही, फक्त वेळ जातो.

डॉक्टरांना काय सांगावं? कोणत्या तपासण्या होतात?

ओल्या काठाचा पाला कच्चा खाल्ला होता, शेताजवळ राहतो, गुरांना पर्णकृमी निघाले होते, हे आपणहून सांगा. माणसात हा आजार इतका कमी दिसतो की विचारल्याशिवाय कुणाच्या मनात येत नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत (सीबीसी) इओसिनोफिल नावाच्या पेशी खूप वाढलेल्या दिसल्या तर तो पहिला धागा. त्या हत्तीरोगाच्या जंतूंमुळे आणि इतर कृमींमुळेही वाढतात, म्हणून पुढे रक्तातली प्रतिपिंडं तपासतात आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करतात. शौचात अंडी दिसायला संसर्गानंतर तीन-चार महिने लागतात. तेव्हा सुरुवातीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून विषय मिटला असं समजू नका.

औषध आहे का? शाळेत देतात ती जंताची गोळी चालेल?

जंतनाशक दिनाला मुलांना देतात ती अल्बेंडाझोलची गोळी गोल जंतांसाठी चांगली आहे, जरूर द्या. माणसातल्या या किड्यावर तिचा भरवसा नाही. इतर बऱ्याच चपट्या कृमींना मारणारं प्राझिक्वांटेलही याच्यावर चालत नाही. चालतं ते ट्रायक्लाबेंडाझोल, वजनाच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम, एक किंवा दोन मात्रा. हे मुळात गुरांचं औषध, पुढे माणसासाठी सिद्ध झालं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला 2019 मध्ये मान्यता दिली. गावातल्या मेडिकलमध्ये ते मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर त्याची व्यवस्था करतात.

आणि कृपा करून गोठ्यातली बाटली माणसाला पाजू नका. "औषध तेच आहे ना" असं मला एकाने विचारलं होतं. औषध तेच असलं तरी गुरांच्या बाटलीतलं प्रमाण आणि त्यात मिसळलेली इतर द्रव्यं माणसासाठी नसतात.

लावणीच्या वेळी पाय खाजतात, पुरळ उठतो. तो हाच किडा का?

नाही. यकृतकृमी कातडीतून शिरत नाही. बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या तर वेगळ्याच. पण पाण्यात उभं राहिल्यावर थोड्याच वेळात बारीक लाल पुरळ उठून प्रचंड खाज येत असेल, तर गुरांच्या किंवा पक्ष्यांच्या रक्तकृमींच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमींच्या, अळ्या असू शकतात. वर सांगितलेल्या चकलीसारख्या शंखात वाढतात त्या. माणसाच्या कातडीत शिरून त्या तिथेच मरतात. खाज काही दिवसांत जाते.

या निमित्ताने रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाची आठवण द्यायला हवी. 1952 साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी तिथे माणसाच्या लघवीवाटे रक्त जाणारा रक्तकृमीचा रोग नोंदवला. भारतात असं ठिकाण सापडणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. गोगलगाय, पाणी आणि माणूस यांचं नातं कोकणाला नवीन नाही, ते असं.

गुरात कसं ओळखायचं?

जबड्याखाली मऊ, पाणी भरल्यासारखी सूज येते आणि ती बोटाने दाबली की खड्डा पडतो. डोळ्याची आतली पापणी ओढून बघा, लाल-गुलाबीऐवजी फिकट दिसते. दूध घटतं, केस राठ होतात, शेण कधी पातळ कधी घट्ट, गाय माजावर वेळेवर येत नाही. शेळ्यांमध्ये मात्र एकदम खूप अळ्या पोटात गेल्या तर काही लक्षण दिसायच्या आतच बकरी पडते. खात्रीसाठी ताजं शेण डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. तपासणी सोपी आहे.

औषध कधी आणि कोणतं द्यावं?

आपल्याकडच्या ऋतूंना धरून मी तीन वेळा सुचवतो. मे महिन्यात, म्हणजे पाऊस पडायच्या आधी शेणातली अंडी थांबतात. कापणीनंतर गुरं मळ्यात चरून झाली की. आणि जानेवारी-फेब्रुवारीत, कापणीनंतर खाल्लेले किडे मोठे होऊन अंडी घालायच्या बेतात असतात तेव्हा. एकाच गोठ्याने दिलं आणि शेजाऱ्याने नाही, तर व्हाळ तोच राहतो. अख्ख्या वाडीने एका आठवड्यात दिलं तर खरा फरक पडतो.

औषधाचं नाव डॉक्टरांनाच ठरवू द्या. ट्रायक्लाबेंडाझोल लहान किड्यांनाही मारतं. ऑक्सिक्लोझानाइड आणि अल्बेंडाझोल फक्त वाढलेल्यांना. क्लोसँटेलची मात्रा जास्त झाली तर शेळी आंधळी होऊ शकते, म्हणून वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर करा. औषधानंतर किती दिवस दूध विकायचं किंवा प्यायचं नाही, हे त्याच वेळी विचारून घरात भिंतीवर लिहून ठेवा. दवाखाना दूर असेल तर 1962 या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मागवता येतं.

पेंढा आणि शेण यांचं काय?

पेंढा उन्हात कडक वाळवून माचावर रचला तर कवच टिकत नाही. ओलसर पेंढा लगेच घालू नका, आणि पाणथळ कुणग्यातल्या भाताचा बुडखा कापून टाकलात तर आणखी चांगलं. शेण पावसाळ्यात थेट पाणी भरलेल्या शेतात नेऊ नका. खड्ड्यात नीट कुजून तापलं की अंडी मरतात, गोबरगॅसमध्ये घातलंत तरी चालतं.

व्हाळात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून गोगलगायी मारू का?

नको. मोरचुदाने गोगलगायी मरतात हे खरं, पण मासे, बेडूक, खेकडे, कोळंबीची पिल्लंही मरतात आणि तेच पाणी खाली खाडीत उतरतं. पुढच्या पावसात गोगलगायी पुन्हा येतात, मासे मात्र तितक्या लवकर येत नाहीत. त्याऐवजी गुरांना पाणी प्यायला गोठ्याजवळ सिमेंटची डोण बांधा, म्हणजे शेण व्हाळात पडणार नाही. डबक्याचा काठ काटेरी कुंपणाने बंद करा, पाट साफ ठेवा म्हणजे पाणी साचून राहणार नाही. आणि जमत असेल तर बदकं पाळा. ती गोगलगायी आवडीने खातात. माझ्या ओळखीच्या एका घरी सहा बदकं आहेत. संध्याकाळी घरातली म्हातारी "तय तय तय" अशी हाक मारते आणि ती मेरेवरून रांगेने गोठ्याकडे परततात, गळ्याच्या पिशव्या शंखांनी टम्म फुगलेल्या असतात.